जंबिया, ताईत आणि कमरपट्टा

समजा, तुम्ही बीडच्या सराफ्यात उभे आहात. एक वृद्ध गृहस्थ दुकानात येतात. ते खिशातला रुमाल काढतात, त्याची गाठ सोडतात आणि आतल्या चार वस्तू सराफापुढे ठेवतात. चारही वस्तू काळवंडलेल्या आहेत. एक आहे नळीसारखी लांबट डबी. तिच्या खालच्या कडेला बारीक साखळ्या आहेत आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला इवलेसे घुंगरू आहे. दुसरी वस्तू म्हणजे तान्ह्या मुलाच्या पायातले कडे. तिसरी अंगठी, तिच्यात तांबूस रंगाचा खडा. चौथी वस्तू चटकन ओळखू येत नाही. ते एका वाकड्या म्यानाचे चांदीचे टोक आहे.

सराफ चांदीचा कस पाहतो. वस्तू तराजूत टाकतो. खडा आणि मळ यांचे वजन वजा करतो आणि भाव सांगतो. वस्तू घडवताना जी मजुरी पडली असेल, ती घडणावळ मोडीच्या हिशेबात धरत नाहीत. वृद्ध गृहस्थ पैसे मोजून घेतात आणि निघून जातात. पुढे कधीतरी त्या वस्तू मुशीत पडतात. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. थोड्याच वेळात डबी, कडे, अंगठी आणि म्यानाचे टोक यांची मिळून एक लहानशी लगड तयार होते.

सराफाने काही चूक केली नाही. त्याच्या तराजूने वजन बरोबर सांगितले. पण त्या वस्तू कोठून आल्या, त्यांची नावे काय, त्या कोणत्या वयाच्या मुलाने घातल्या आणि का घातल्या, हे तराजूला सांगता येत नाही. ते माणसानेच सांगावे लागते. या पाठात आपण त्या चार वस्तूंची ओळख करून घेऊ.

या वस्तूंचे मूळ पाहायचे तर आपल्याला समुद्र ओलांडून जावे लागेल. अरबस्तानच्या दक्षिण टोकाला यमन हा देश आहे. त्याच्या पूर्व भागाला हजरमौत म्हणतात. दोन्ही बाजूंना उंच, उघडे डोंगर आणि मध्ये एक लांबच लांब दरी, असा हा मुलूख. दरीत खजुराची बने आहेत. शिबाम नावाच्या गावात कच्च्या विटांनी बांधलेली सहा-सात मजल्यांची जुनी घरे आजही उभी आहेत. पाऊस मात्र फार थोडा पडतो. शेतीवर सगळ्यांचे पोट भरत नाही. म्हणून तेथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर पडत आले. कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, कोणी जावा-सुमात्रा बेटांवर गेले, तर कोणी हिंदुस्थानात आले. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी दरवर्षी बाहेर पडणारी माणसे आपण पाहतो. पोटासाठी घर सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

हिंदुस्थानात आलेले हे अरब मुख्यतः शिपाईगिरी करत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पेशवे, नागपूरकर भोसले आणि बडोद्याचे गायकवाड यांच्या पदरी अरब शिबंदी होती. सन १८१८ मध्ये इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा आतल्या अरबांनी जवळजवळ महिनाभर किल्ला लढवला. सर्वांत जास्त अरब मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. बीड जिल्हा सन १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता. खजिन्यावर, गढीवर किंवा एखाद्या सावकाराच्या वाड्यावर अरबांचा पहारा असे. त्यांच्या तुकडीच्या नायकाला जमादार म्हणत. हजरमौतमधून आलेला उमर बिन अवध अल-कुऐती हा असाच एक जमादार. त्याने निजामाच्या चाकरीत मोठी संपत्ती मिळवली. त्या पैशाच्या बळावर त्याच्या मुलांनी हजरमौतमध्ये आपले राज्य उभे केले. मुकल्ला बंदर ही त्या राज्याची राजधानी झाली आणि ते राज्य सन १९६७ पर्यंत टिकले. दख्खनमध्ये मिळवलेली चांदी अशा रीतीने समुद्रापलीकडे जाऊन राज्य उभारू शकली!

सगळेच काही परत गेले नाहीत. पुष्कळ जण इथेच राहिले. त्यांनी इथल्या मुलींशी लग्ने केली. त्यांच्या मुलांची घरची भाषा दखनी झाली आणि बाजारात ती मराठी बोलू लागली. बीड, परभणी, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या भागांत ‘चाऊस’ हे आडनाव तुम्ही ऐकले असेल. तुमच्या वर्गातही ते कोणाचे तरी असेल. ‘चाऊस’ हा मूळचा तुर्की शब्द असून तो लष्करातल्या एका हुद्द्याचे नाव आहे. हुद्दा गेला, फौज गेली, पण नाव राहिले. तशाच काही घरांत जुन्या पेटीच्या तळाशी चांदीच्या वस्तू राहिल्या.

आता त्या वस्तू एकेक करून पाहू. मूल जसजसे वाढते, तसतशा त्याच्या अंगावरच्या वस्तू बदलत जातात. त्याच क्रमाने आपणही जाऊ.

पहिली वस्तू म्हणजे पायातले कडे. अरबीत त्याला ‘खलखाल’ म्हणतात. उर्दू शायरीतही हा शब्द येतो. अरबस्तानात तान्ह्या मुलामुलींच्या पायांत चांदीचे कडे घालण्याची रीत होती. काही कड्यांना बारीक घुंगरे असत. त्या घुंगरांना ‘जलाजिल’ म्हणत. मूल रांगू लागले की घुंगरे वाजत आणि काम करणाऱ्या आईला न पाहताही मूल कोठे आहे हे कळे. घुंगरांच्या आवाजाने वाईट नजर दूर राहते, अशीही लोकांची समजूत होती. काही धार्मिक घरांत मात्र घुंगरे लावणे पसंत नसे. तेथे साधे कडे घालत.

हे वाचताना तुम्हांला आपल्याकडचे वाळे आठवले असतील. मराठी घरांत तान्ह्या मुलाच्या पायांत वाळे, हातांत बिंदल्या आणि कमरेला चांदीचा करगोटा घालतात. आपल्या घरांत लहान मुलाला हँसली आणि कडे घालतात. मराठीत हँसलीला हसळी म्हणतात. या सगळ्या वस्तूंमध्ये एक गोष्ट सारखी आहे. तान्ह्या मुलाच्या कड्याचे तोंड बहुधा उघडे ठेवलेले असते. मूल वाढले, पाय भरला, की सोनार ते कडे जरासे फाकवून देतो. कडे एकच, पण ते मुलाबरोबर वाढते. यमनच्या कारागिराला आणि मराठवाड्याच्या सोनाराला ही युक्ती कोणी एकाच शाळेत शिकवली नव्हती. लहान मुलाची गरज दोन्हीकडे सारखीच होती.

दुसरी वस्तू म्हणजे नळीसारखी डबी. अरबीत तिला ‘हिर्ज’ म्हणतात. हिर्ज म्हणजे रक्षण करणारी वस्तू. उर्दूत ‘हिर्ज-ए-जाँ’ असा शब्दप्रयोग आहे, तो याच शब्दावरून आला. या डबीत कुरआनातील आयत किंवा दुआ लिहिलेला कागद गुंडाळून ठेवत. डबी कधी नळीसारखी गोल असे, तर कधी चौकोनी, चपटी असे. ती साखळीने किंवा दोरीने गळ्यात अडकवत, दंडावर बांधत किंवा पट्ट्याला लावत. यमन आणि ओमान या देशांत मोठी माणसेही हिर्ज वापरत. पण लहान मुलगा आजारी पडू नये, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून त्याच्यासाठी तो विशेष काळजीने करवून घेत. असा ताईत बांधावा की नाही, याविषयी आलिमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत. काहींनी तो मान्य केला, तर काहींनी केवळ अल्लाहवर भरवसा ठेवावा असे सांगितले. आपण येथे त्या डबीकडे आईच्या काळजीची एक खूण म्हणून पाहू.

या वस्तूचे दुसरे नाव तुम्हांला चांगले माहीत आहे. ते म्हणजे ‘तावीज’. ‘अऊजु’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. ‘अऊजु’ म्हणजे मी आसरा मागतो. हाच तावीज मराठीत येऊन ‘ताईत’ झाला. नुसता आलाच नाही, तर मराठी माणसाच्या मनात जाऊन बसला. एखादी व्यक्ती सगळ्यांना फार प्रिय झाली, तर मराठीत म्हणतात, ‘तो सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाला.’ हे म्हणताना आपण अरबी मुळाचा शब्द वापरतो आहोत, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

असे आणखीही शब्द आहेत. नाणी ओवून केलेल्या गळ्यातल्या माळेला ‘हमेल’ म्हणतात. तिचे मूळ अरबी ‘हमाईल’ या शब्दात आहे. अंगावर वाहून नेण्याची वस्तू, असा त्याचा अर्थ. बसस्थानकावर ओझे वाहणारा ‘हमाल’ आणि गळ्यातली ‘हमेल’ हे दोन्ही शब्द एकाच घराण्यातले आहेत! ज्याच्या दुकानातून आपण या पाठाची सुरुवात केली, तो ‘सराफ’ हाही अरबी शब्दच आहे. नाणी पारखून बदलून देणारा, असा त्याचा मूळ अर्थ.

तिसरी वस्तू म्हणजे अंगठी. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तान्हेपणी मुलगा आणि मुलगी यांच्या अंगावर पुष्कळदा सारखेच दागिने असत. मुलगा मोठा होऊ लागला की कडे उतरवले जाई, घुंगरे उतरवली जात. इस्लामी शिकवणुकीप्रमाणे पुरुषाने सोने वापरायचे नसते. चांदीही मनाला येईल तशी वापरायची नसते. हनफी फिकहच्या ग्रंथांत पुरुषांसाठी चांदीच्या तीन वस्तूंना मोकळीक सांगितली आहे. त्या म्हणजे अंगठी, कमरेचा पट्टा आणि तलवारीवरची सजावट. लहान मुलग्यांनाही मोठ्यांनी सोन्याने मढवू नये, असे त्यात सांगितले आहे. हजरमौतचे लोक शाफई मताचे. पण तेथील मुलग्यांच्या अंगावर मोठेपणी उरणाऱ्या वस्तू पाहिल्या, तर त्याही अंगठी, पट्टा आणि शस्त्र याच आहेत. या तिन्ही वस्तू कामाच्या आहेत. अंगठीने शिक्का उठवता येतो, पट्ट्याने कपडा आवळता येतो आणि शस्त्राने रक्षण करता येते. नुसत्या शोभेसाठी असे त्यांत काही नाही.

अंगठीला अरबीत ‘खातम’ म्हणतात. खातम म्हणजे शिक्का. पत्र लिहून झाले की शेवटी शिक्का मारायचा. ‘खतम’ आणि ‘खातिमा’ हे शब्दही याच मुळाचे आहेत. हजरत पैगंबर मुहंमद (स.) यांच्याकडे चांदीची अंगठी होती. परदेशच्या राजांना पाठवायच्या पत्रांवर ते तिचा शिक्का उठवत. चांदीच्या अंगठीला मुसलमानांमध्ये मान आहे, तो यामुळे.

अंगठीतला तांबूस खडा म्हणजे अकीक. यमनचा अकीक प्रसिद्ध आहे. पण आपल्या गुजरातमधील खंबायत हे गावही अकीकासाठी तितकेच नावाजलेले आहे. तेथे घासून गुळगुळीत केलेले खडे कित्येक शतके जहाजांतून अरबस्तानात जात होते. दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांतही अकीकाच्या जातीचे दगड सापडतात. गोदावरीच्या वाळूत रंगीत, चकचकीत गोटे तुम्ही वेचले असतील. म्हणून अरबाच्या बोटातला खडा अरबस्तानातलाच असेल, असे नाही. तो हिंदुस्थानातून तिकडे जाऊन पुन्हा इकडे आलेलाही असू शकतो.

चौथी वस्तू सर्वांत महत्त्वाची. म्यानाचे ते चांदीचे टोक ‘जंबिया’ नावाच्या वाकड्या कट्यारीचे आहे. अरबीत ‘जंब’ म्हणजे शरीराची बाजू, कूस. कमरेला बांधायची कट्यार ती जंबिया. उर्दूतील ‘जानिब’ हा शब्द याच कुळातला. जंबियाचे पाते रुंद आणि दुधारी असते. त्याच्या मधोमध एक उंच शीर असते. म्यान लाकडाचे असून त्यावर कातडे किंवा कापड चढवतात आणि वर चांदीचे पत्रे बसवतात. हे म्यान रुंद पट्ट्यात खोवलेले असते. पट्ट्यावर जरीचे भरतकाम असते. कधी त्यावर चांदीच्या लहान डब्या, बटणे आणि साखळ्या लावतात. म्यानाच्या आकारावरून माणसाची ओळखही पटते. टोळीतला माणूस जंबिया पोटाच्या मध्यभागी, उभी बांधतो. काजी आणि सय्यद घराण्यांतील पुरुषांचे म्यान वेगळ्या आकाराचे असते आणि ते उजव्या बाजूला खोवलेले असते.

यमनमध्ये मुलगा साधारण चौदा वर्षांचा झाला, की त्याला जंबिया मिळते. काही ठिकाणी त्याहून लहान मुलांनाही आकाराने लहान अशी जंबिया सणासुदीला बांधतात. त्या दिवशी घरातले लोक त्याच्याकडे मोठा माणूस म्हणून पाहू लागतात. पण कट्यार मिळाली म्हणजे ती उपसण्याची परवानगी मिळाली, असे नाही. उलट, रागाच्या भरात जंबिया उपसणे ही मोठी लाजिरवाणी गोष्ट मानतात. टोळ्यांमध्ये भांडण झाले, तर दोन्ही पक्ष आपल्या जंबिया काढून पंचांच्या हवाली करतात. ‘तुम्ही न्याय कराल तो आम्हांला मान्य आहे’, असा त्याचा अर्थ होतो. माणूस आपल्या इज्जतीची वस्तू जामीन म्हणून ठेवतो, त्यामुळे त्याला शब्द फिरवता येत नाही. शस्त्राचा हा उपयोग शस्त्र चालवण्यापेक्षा मोठा आहे.

या जंबियाची एक दुःखाची बाजूही आहे. तिची मूठ गेंड्याच्या शिंगाची असली, तर तिला फार मोल येई. अशी मूठ जितकी जुनी होते, तितकी ती पारदर्शक आणि तेजदार दिसते. सन १९७० नंतरच्या दहा वर्षांत यमनच्या लोकांच्या हाती बाहेरगावच्या कमाईचा पैसा आला आणि अशा मुठींची मागणी एकदम वाढली. त्यासाठी आफ्रिकेत हजारो गेंडे मारले गेले. सन १९८२ मध्ये यमन सरकारने गेंड्याच्या शिंगांच्या आयातीवर बंदी घातली. आता पुष्कळ मुठी म्हशीच्या शिंगाच्या किंवा लाकडाच्या असतात. मूठ बदलली म्हणून मुलाचा मान कमी झाला नाही. परंपरा जपताना तिच्यातले काय सोडून द्यावे, हेही माणसाला ठरवावे लागते.

या सर्व वस्तूंसाठी चांदी कोठून येई? यमनमध्ये बहुतेक चांदी नाण्यांच्या रूपाने येत असे. युरोपातील ऑस्ट्रिया देशाच्या राणीचे, मारिया थेरेसाचे, चित्र असलेले एक मोठे नाणे होते. यमनमध्ये त्याला ‘रियाल फ्रान्सी’ म्हणत. राणी सन १७८० मध्ये वारली. पण व्यापाऱ्यांचा त्या नाण्यावर इतका विश्वास बसला होता, की पुढेही तेच नाणे, तेच १७८० साल घालून पुन्हा पुन्हा पाडले गेले. सन १९४०-४१ मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही ते पाडले गेले! या नाण्याचे वजन सुमारे २८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २.४ तोळे असते. त्यात हजार भागांत ८३३ भाग शुद्ध चांदी असते. म्हणजे एका नाण्यातून सुमारे २३.४ ग्रॅम शुद्ध चांदी मिळते. मुलाच्या वजनदार कड्यांच्या जोडीसाठी किती नाणी आटवावी लागतील, याचा हिशेब तुम्ही सहज करू शकाल. आपल्याकडेही अशीच रीत होती. घरातले चांदीचे रुपये सोनाराकडे देऊन त्यांचे दागिने करवून घेत. हैदराबाद संस्थानात निजामाचा स्वतःचा रुपया चालत असे. त्याला हाली शिक्का म्हणत.

नाणी मुशीत आटवून कारागीर त्यांचा पत्रा ठोकत किंवा तार ओढत. बारीक तार वळवून केलेल्या जाळीदार कामाला तारकाम म्हणतात. चांदीचे मोहरीएवढे गोल दाणे पत्र्यावर ओळीने जोडतात, त्याला रवाकाम म्हणतात. यमनच्या हिर्जवर ही दोन्ही कामे फार सुंदर केलेली दिसतात. हे काम करणारे कारागीर बहुतेक यहुदी होते. मुसलमान मुलाच्या गळ्यातली कुरआनच्या आयतीची डबी यहुदी कारागीर घडवत असे. सन १९४९-५० मध्ये यमनमधील सुमारे पन्नास हजार यहुदी देश सोडून इस्राएलला गेले. त्यांच्याबरोबर कित्येक पिढ्यांची कारागिरीही गेली.

आपल्याकडेही जवळजवळ त्याच सुमारास मोठा बदल झाला. सन १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. अरबांची जुनी चाकरी संपली. काही कुटुंबे यमनला परत गेली. जी राहिली, त्यांनी शेती, व्यापार, नोकरी असे नवे मार्ग धरले. कमरेला शस्त्र लावून फिरण्याचा काळ संपला. आता तर मोठ्या पात्याचे शस्त्र बाळगण्यावर कायद्याने बंधने आहेत. जंबिया पेटीत गेली. पुढे घरावर अडचणी आल्या, तेव्हा पेटीही उघडावी लागली. सन १९७२ चा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल. अशा वेळी धान्यासाठी चांदी मोडणे हे शहाणपणाचेच काम होते. अडीनडीला उपयोगी पडावी, म्हणूनच तर ती जपलेली असते. मुलीच्या लग्नासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी कोणी चांदी मोडली, तर त्याला नावे ठेवू नयेत.

समुद्रापलीकडे ओमान देशात अजूनही ही परंपरा जिवंत आहे. तेथे कट्यारीला ‘खंजर’ म्हणतात. मराठीतला ‘खंजीर’ तो हाच. ओमानच्या राष्ट्रध्वजावरही खंजराचे चित्र आहे. ईदच्या दिवशी तेथील मुलगे पांढरा, पायघोळ अंगरखा घालतात. त्याला ‘दिशदाशा’ म्हणतात. त्याच्या गळ्याशी एक लहानसा गोंडा लोंबत असतो. त्याला अत्तर लावतात. डोक्याला भरतकामाची टोपी असते. कमरेला चांदीचा खंजर बांधून मुलगे वडिलांचा हात धरून नमाजला जातात. सन २०२२ मध्ये युनेस्को या जागतिक संस्थेने ओमानच्या खंजराची कारागिरी आणि त्याच्या चालीरीती यांची नोंद मानवजातीच्या वारशाच्या यादीत केली. तेथे नुसती वस्तू मोलाची मानलेली नाही. ती घडवण्याचे ज्ञान आणि ती वापरण्याची रीत यांनाही वारसा मानले आहे.

मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ काही आहे. घरात जुनी चांदीची वस्तू असेल, तर प्रथम तिचे नाव विचारा. ती कोणाची होती, कोणी घडवली, कोणत्या प्रसंगी घातली जाई, हे आजी-आजोबांकडून ऐका आणि वहीत लिहून ठेवा. वस्तूचे चित्र काढा. तिची लांबी-रुंदी मोजा. तिच्यावर काही अक्षरे असतील, तर ती उतरून घ्या. हवेतील गंधकामुळे चांदी काळी पडते. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ फडके बुडवून ती हलक्या हाताने पुसा. वाळू किंवा राखेने खसाखसा घासू नका. नक्षीच्या खाचांतला काळेपणाही थोडा राहू द्या. त्यामुळेच नक्षी उठून दिसते. डबीत जुना कागद असेल, तर तो भिजू देऊ नका. तसेच तो ओढूनही काढू नका.

एवढे केल्यावर पुढे कधी ती चांदी मोडावी लागलीच, तर वस्तू जाईल, पण तिची हकिकत घरात राहील. आपल्या वृद्ध गृहस्थांच्या रुमालात चार वस्तू होत्या. त्यांतल्या एका वस्तूने आईला मूल कोठे आहे ते सांगितले होते. दुसरीने मुलाच्या गळ्यात दुआ सांभाळली होती. तिसरीत दोन देशांच्या व्यापाराची खूण होती. चौथीने एका मुलाला शिकवले होते, की शस्त्र बाळगणाऱ्याने आपला राग आवरला पाहिजे. यांतले काहीच तराजूत मावत नाही. ते कोणीतरी विचारावे आणि कोणीतरी सांगावे लागते. घरात जो मुलगा किंवा जी मुलगी हे विचारील, ती सगळ्या घराच्या गळ्यातला ताईत होईल.

स्वाध्याय

१. सराफाच्या तराजूला कोणत्या गोष्टी सांगता येत नाहीत?

२. लहान मुलाच्या कड्याचे तोंड उघडे का ठेवतात?

३. जंबिया पंचांच्या हवाली करण्याचा अर्थ काय होतो?

४. ताईत, हमेल, सराफ, खंजीर हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य तयार करा.

५. ‘गळ्यातला ताईत होणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगा. त्यासारखा उर्दूतील एखादा वाक्प्रचार वर्गात सांगा.

६. तुमच्या किंवा शेजारच्या घरातील एका जुन्या वस्तूविषयी मोठ्या माणसांना विचारा आणि दहा ओळी लिहा.